पेशंट केअर ब्युरो (पुणे) : मावशींना पाच स्टार, ब्युरोला दोन

घरी पेशंट सांभाळायला बाई पाठवणाऱ्या या ब्युरोचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण ओळखीच्या ज्यांच्याकडे वेगवेगळ्या ब्युरोंच्या बायका येतात त्यांच्याशी बोलले तर सगळ्यांची रड सारखीच निघाली. सासऱ्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली, घरी आणलं तेव्हा नाकात नळी आणि लघवीची पिशवी. फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी 8 ला बाई दारात हजर, त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही, एक स्टार तिथेच दिला.

आता दर्जाचं बघा. फोनवर म्हणाले "ट्रेंड नर्स पाठवतो मॅडम". नर्स म्हणजे एएनएम नाहीतर जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन असलेली, तो नंबर मागितला तर "दहा वर्षांचा अनुभव आहे हो" एवढंच उत्तर. अनुभव असेल, पण मग आया म्हणा, रेट नर्सचा कशाला लावता? आणि खरं सांगायचं तर आम्हाला नर्स नकोच होती, इंजेक्शन आणि नळी बदलायला सिस्टर वेगळी येतेच. आम्हाला हवी होती दिवसभर नीट बघणारी बाई, आणि ती मिळाली पण त्यात ब्युरोचं कर्तृत्व शून्य, आमचं नशीब.

मावशींचं काम सांगते म्हणजे चांगलं काम कसं दिसतं ते कळेल. नळीतून फीड द्यायच्या आधी पलंगाची डोक्याकडची बाजू वर, बाबा (सासरे) जवळजवळ बसलेले, आधी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, मग फीड हळूहळू, जोर लावून ढकलायचं नाही, शेवटी पाणी सोडून नळी साफ, आणि नंतर अर्धा पाऊण तास आडवं करायचं नाही म्हणजे नाहीच, मग कोणी भेटायला येवो की डायपर बदलायचा असो. का तर फीड उलटून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया. पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, वळवताना सुद्धा पलंगावर ठेवायची नाही. एकाच जागी दाब पडून जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि वहीत लिहायचं, "10 डावी, 12 उताणे", असं. माकडहाडावर लाल दिसलं की बोटाने दाबून बघायच्या, लाली दाबल्यावर फिकी पडली तर ठीक, नाही पडली तर मला हाक मारायच्या, "ताई, इथे सुरू होतंय बघा". त्या जागी पावडर घासायची नाही, मालिश तर अजिबात नाही. एअर बेड आहे म्हणून वळवायचं टाळलंय असं मी एकदाही पाहिलं नाही.

आता बदली. मावशी गावाला गेल्या, ब्युरोने दुसरी पाठवली, तिला पेशंटबद्दल काय सांगून पाठवलं होतं? पत्ता. बस. आल्या आल्या तिने बाबांना उजव्या हाताला धरून वर ओढायला घेतलं, लुळा पडलेला हात असा ओढला की खांदा निसटतो हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मग पलंग सपाट ठेवूनच सिरिंज हातात घेतली. मी तिथे उभी होते म्हणून थांबवलं, पण जिथे दोघंही नोकरीला जातात तिथे कोण थांबवणार? ब्युरोला फोन केला तर "उद्या दुसरी पाठवतो", जसं काही माझी तक्रार बाईच्या चेहऱ्याबद्दल होती. त्या पोरीवर मला राग नाही, तिला न शिकवता पाठवणाऱ्यावर आहे. पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद मागितला तर व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्डाचा फोटो आला 😑

24 तासांच्या बाईचं पण सांगते, ते पॅकेज स्वस्त पडतं म्हणून सगळे तेच गळ्यात मारतात. जरा विचार करा, दर दोन तासांनी वळवायचं तर ती बाई झोपणार कधी? एकतर तिची झोप जाणार नाहीतर पेशंटची पाठ. आम्ही 12 तासांचीच घेतली, रात्री मी आणि नवरा अलार्म लावून वळवतो. आणि जी रक्कम आपण भरतो त्यातली मावशींच्या हातात किती पडते ते त्यांना एकदा विचारून बघा.

वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला 2005 च्या कायद्याप्रमाणे लायसन लागतं, गार्डला ट्रेनिंग द्यावं लागतं. आमच्या ब्युरोवाल्याकडे दाखवायला काय होतं, तर शॉप अ‍ॅक्टचा कागद. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात दुरुस्ती करायचं बिल डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं होतं, त्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करायची, शिकलेले, सर्टिफिकेटवाले आणि पोलिसांनी तपासलेलेच अटेंडंट ठेवायचे, असं सगळं होतं. ते पास झालंच नाही.

म्हणून डिपॉझिट भरायच्या आधी ब्युरोला दोन गोष्टी विचारा. बदली बाई आली तर तिला पेशंटची माहिती कोण देणार, आणि तुमचा कोणी सुपरवायझर महिन्यातून एकदा तरी घरी येऊन पाठ, नळी बघून जाणार का. आमच्याकडे सुपरवायझर आला तो फक्त बिल घ्यायला. बाईला पहिल्या दिवशी स्वतःसमोर एकदा फीड द्यायला लावा, पाच मिनिटात कळतं. आम्ही आता भिंतीवरच कागद चिकटवलाय, उजवा हात ओढू नये, फीडनंतर आडवं करू नये, मोठ्या अक्षरात, कारण पुढच्या महिन्यात मावशींच्या मुलीचं लग्न आहे आणि परत बदली येणार आहे.