विदर्भाच्या उन्हाळ्यात मधुमेही मांजराची शुगर सांभाळताना: ग्लुकोमीटर आणि ओल्या पाऊचचा पाच महिन्यांचा वापर

वापर फेब्रुवारी ते जून, नागपुरात. साडेचार किलोचा बोका, ग्लार्जिन इन्सुलिन दिवसातून दोनदा, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. साहित्य तीनच: माणसांसाठीचा साधा ग्लुकोमीटर, पाण्यात भिजवून वापरायची इन्सुलिन पाऊच आणि माशांच्या टाकीला लावतात तसलं वायरवालं छोटं थर्मामीटर. सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते थर्मामीटर, कारण इन्सुलिन तापलं की नाही ते त्यावरूनच कळतं. मे महिन्यात शुगर २०० वरून ३५० वर गेली की हात आधी डोस वाढवण्याकडे वळतो. तो आवरा. इन्सुलिन तापलं का, स्ट्रिप खराब झाल्या का, मांजर पाण्यावाचून आहे का, हे तिन्ही पाहून मगच डॉक्टरांशी डोसबद्दल बोला. तापून जोर गेलेल्या कुपीवर डोस वाढवला आणि दुसऱ्या दिवशी ताजी कुपी उघडली, तर तोच डोस मांजराला झेपत नाही.

पाऊचबद्दल आधी. कापडाच्या आत जेलचे दाणे असतात. साध्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवायची, बाहेरून पुसायची आणि वारा लागेल अशा जागी ठेवायची. पाणी उडतं तशी ती गार होते, माठ होतो तशीच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खोलीत ३६ अंश असताना पाऊचच्या आत थर्मामीटर २५-२६ दाखवत होतं. उघडलेली ग्लार्जिनची कुपी ३० अंशांच्या आत २८ दिवस चालते, म्हणजे एवढा गारवा पुरेसा आहे. दोन दिवसांनी पुन्हा भिजवावी लागते. जास्त वेळ बुडवून ठेवली तर दाणे इतके फुगतात की कुपी आत सरकतच नाही. बंद कपाटात, स्टीलच्या डब्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर काहीच उपयोग नाही, कारण हवाच लागत नाही. जूनमध्ये पाऊस लागल्यावर मात्र खोलीत ३२ आणि पाऊचमध्ये २९-३०. म्हणून मुंबई-कोकणातल्या दमट हवेसाठी ही पाऊच घेऊ नका, पैसे वाया जातील.

घरात फ्रीज असताना पाऊच लागते ती वीज गेल्यावर आणि मांजराला दवाखान्यात नेताना. एरवी फ्रीजच बरा, पण कुपी दारातल्या कप्प्यात ठेवा. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या जाळीवर कुपी गोठू शकते. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला तसंच स्वच्छ दिसतं, तरी ते टाकूनच द्यायचं. मेडिकलमधून आणताना बर्फाची पिशवी थेट कुपीला लावू नका, मध्ये रुमाल गुंडाळा.

आता मीटर. मांजराच्या रक्तात साखर बहुतेक प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ द्रवात असते, माणसाच्या रक्तात लाल पेशींमध्येही बरीच असते. त्यामुळे माणसांचं मीटर मांजराची शुगर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, आणि शुगर जितकी चढी तितका फरक मोठा. म्हणून एकच मीटर धरून ठेवा आणि त्याच मीटरच्या आकड्यांची वही डॉक्टरांना दाखवा. प्रमाणित मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, तेव्हा २१२ आणि २३८ यांत फरक शोधत बसू नका.

थेंब काढायची जागा म्हणजे कानाच्या बाहेरच्या कडेला धावणारी बारीक शीर आणि कड यांच्यामधली. कानामागे कापसाचा बोळा धरायचा, कडेला व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि लॅन्सेट, म्हणजे थेंब काढायची बारीक सुई, टोचायचं. व्हॅसलीनमुळे रक्त केसांत पसरत नाही, टपोरा मणी होऊन उभं राहतं आणि स्ट्रिपचं टोक लावताच खेचलं जातं. कुलरसमोर बसलेल्या मांजराचा कान गार असतो, थेंब येत नाही. आधी मिनिटभर तळहातात धरून कान ऊबदार करा. टोचल्यावर बोळा दाबून ठेवा, नाहीतर कानावर निळा डाग पडतो.

स्ट्रिपची डबी कुलरजवळ ठेवणं ही उन्हाळ्यातली ठरलेली चूक. दमट हवेने स्ट्रिपवरचं एन्झाइम खराब होतं. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. बहुतेक डब्यांवर साठवणीची मर्यादा ३० अंश छापलेली असते. घरातला सगळ्यात थंड, कोरडा कोपरा शोधा आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. खोली फार तापली तर मीटर तापमानाची चूक दाखवतं; ते गार खोलीत १५-२० मिनिटं राहू द्या.

उन्हाळ्यात मांजर जास्त पाणी पितं. ते उन्हामुळे की शुगरमुळे, हे वाटीवरून कळत नाही, लिटर ट्रेवरून (मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या ट्रेवरून) कळतं. नुसत्या उन्हाने पाणी वाढलं तर लघवीची ढेकळं तेवढीच राहतात. पाणीही वाढलं आणि ढेकळंही मोठी, जास्त झाली, तर साखर लघवीत उतरते आहे असं समजा. मांजरात ते साधारण २५०-२७० च्या पुढे होतं. पाण्यावाचून सुकलेल्या मांजरात कातडीखालचं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही आणि आकडा आणखी चढतो. मानगुटीची कातडी चिमटीत उचलून सोडल्यावर लगेच खाली बसली नाही आणि हिरड्या चिकट लागल्या, तर त्याच दिवशी दवाखाना. उलट्या आणि न खाणं सोबत असेल तर लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी घातक द्रव्यं) तपासून घ्याच. रुंद, उथळ वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा. ओलं खाणं द्या, पण ४२ अंशांत ते अर्ध्या तासापुढे ठेवू नका.

सगळ्यात मोठी धास्ती शुगर उतरण्याची. उन्हात भूक मरते, म्हणून क्रम पक्का ठेवा: तपासणी, खाणं, मग इन्सुलिन. निम्म्याहून कमी खाल्लं तर किती द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. तोल जाणं, अशक्तपणा, अचानक खा-खा ही लक्षणं. अर्धा चमचा मध हिरड्यांवर चोळा, मांजर शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना फोन करा. झटके येत असतील तर बोट तोंडात घालू नका, ओठाच्या आत कडेला मध लावा आणि लगेच निघा.

सिरिंज मात्र स्वतः बघून घ्या. आपल्याकडे मिलीला ४० युनिटच्या कुपीही सर्रास मिळतात, त्यांची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिनची कुपी मिलीला १०० युनिटची असते, तिला केशरी टोपीची सिरिंज. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन एक रेघ भरलं की मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या खुणांची मिळाली तर तीच घ्या.

पावसाळा लागला की पाऊच आतून-बाहेरून पूर्ण वाळवून ठेवा, नाहीतर बुरशीचा वास धरते. आणि स्ट्रिपची नवी डबी उघडली की आधी कंट्रोल सोल्यूशनचा (मीटर तपासायच्या, साखरेचं प्रमाण ठरलेल्या द्रावणाचा) एक थेंब टाकून आकडा डबीवरच्या मर्यादेत येतो का ते बघा.