कर्नलमध्ये बूस्ट: चिपवर सोपवायचा की आपल्या हातात ठेवायचा?

मे महिन्यात मालवणात, दुपारी दोन वाजता, पत्र्याखालच्या खोलीत बसून कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कंपाईल करून बघा. पहिली काही मिनिटं फाईलींची नावं झरझर सरकतात. मग पंखा घोंघावायला लागतो, कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नाही, आणि नावं सरकायचा वेग उतरतो. मी बूस्ट, म्हणजे प्रोसेसरची मूळ वेगाच्या वर धावायची सोय, चालू ठेवून आणि बंद करून असं दोन्ही केलं. सुरुवातीचा फरक डोळ्यांना दिसतो. खोली तापल्यावर मला तरी काही फरक दिसला नाही.

स्वतःचा छोटा कर्नल लिहिणारे किंवा एखाद्या बोर्डासाठी कर्नल जुळवून घेणारे बरेच जण बूस्टपाशी येऊन अडतात. वाटा दोन आहेत.

पहिली वाट म्हणजे वेग चिपवर सोपवणं. इंटेलने २००८मध्ये नेहालेम प्रोसेसरपासून टर्बो बूस्ट आणला, एएमडीने २०१०मध्ये टर्बो कोअर. तापमान, करंट, किती कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) जागे आहेत, हे सगळं चिप स्वतः बघते आणि वेग ठरवते. कर्नलने फक्त सगळ्यात वरची पायरी मागायची. एसीपीआयच्या (फर्मवेअर कर्नलला हार्डवेअरची माहिती देतं ती पद्धत) तक्त्यात इंटेलची ही पायरी कशी दिसते बघा: मूळ वेग २४०० मेगाहर्ट्‌झ असेल तर वर २४०१ लिहिलेलं असतं. तो वरचा १ म्हणजे नुसती खूण, 'याच्यापुढचं तू बघ' असं चिपला सांगणारी. प्रत्यक्षात वेग ३००० च्या पुढेही गेलेला असतो, आणि नवखा माणूस २४०१ वाचून बूस्ट चालतच नाही असं समजतो.

इथे कर्नलला लिहायचं ते एक बटण. इंटेलमध्ये एका नियंत्रण रजिस्टरचा (चिपमधली सेटिंग लिहायची छोटी जागा) ३८वा बिट, एएमडीमध्ये दुसऱ्या एकाचा २५वा. दोन्हीकडे बिट १ केला की बूस्ट बंद. सोपं वाटतं, पण घोळ पुढे आहे. हा बिट प्रत्येक कोअरवर लिहावा लागतो, आणि एखादा कोअर मागाहून चालू झाला तर त्याच्यावर पुन्हा. नाहीतर तीन कोअर शांत आणि चौथा उधळलेला. लिनक्समध्ये बटणाचा अर्थही ड्रायव्हरनुसार उलटतो: 'बूस्ट' फाईलमध्ये १ म्हणजे चालू, 'नो टर्बो' फाईलमध्ये १ म्हणजे बंद. तुमच्या कर्नलमध्ये कृपा करून एकच अर्थ ठेवा.

दुसरी वाट तक्त्याची. लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत (२०१४) सॅमसंगच्या एक्सिनॉस चिपांसाठी हे आलं. फ्रिक्वेन्सींच्या तक्त्यात काही ओळींवर 'ही बूस्टची' अशी खूण करायची. एरवी कर्नल त्या ओळी वगळतो. वापरणाऱ्याने परवानगी दिली की कमाल मर्यादा वर सरकते. आता डिव्हाईस ट्रीमध्ये (बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणारं वर्णन) अशा ओळीला 'टर्बो मोड'ची खूण देता येते. ही वाट मला जास्त स्वच्छ वाटते, पण तापमानाची जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते. म्हणूनच एक्सिनॉसचा तो पर्याय निवडायला तापमान-नियंत्रणाचा भाग कर्नलमध्ये असणं सक्तीचं होतं. ही अट तुम्हीही घाला.

दोन्ही वाटांवर एक अडचण सारखीच, आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं: भार मोजताना १०० टक्के म्हणजे कुठला वेग? मूळ वेग धरला तर बूस्टमध्ये लवकर उरकलेलं काम आहे त्यापेक्षा हलकं दिसतं. एका कोअरचा सर्वोच्च वेग धरला तर सगळे कोअर जागे असताना तो मिळतच नाही. मग पूर्ण बुडालेला कोअरही ऐंशी टक्क्यांवर दिसतो, आणि गव्हर्नर (किती वेग मागायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) वरचा वेग मागतच नाही. लिनक्स ५.७ने (२०२०) इंटेलच्या बऱ्याच चिपांसाठी मधला मार्ग काढला: चार कोअर चालू असतानाचा टर्बो वेग म्हणजे १००. खरा वेग काढायला दोन काउंटर असतात. एक मूळ वेगाने मोजतो, दुसरा प्रत्यक्ष वेगाने. त्यांच्या गुणोत्तरावरून सरासरी वेग निघतो. बूस्टचं बटण लिहिण्याआधी हे मोजमाप लिहा, नाहीतर बटण लागलं की नाही हेच कळणार नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा हिशोब. वीज खाणं वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतं. वेग २० टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के चढवावं लागलं, तर १.२ गुणिले १.२१, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के जास्त वॅट. पावसाळ्यात इन्व्हर्टरवर दिवस काढणाऱ्याला हा आकडा जाणवतो. रास्पबेरी पाय ४चंच बघा: मूळ वेग १.५ गिगाहर्ट्‌झ, नव्या बोर्डांवर सेटिंग बदलून १.८. पण पुरवठा साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो इशारा देतो, आणि ८० अंशांना वेग कमी करायला लागतो. खाऱ्या हवेत हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) काळवंडतो, कनेक्टर गंजतो, आणि त्या गंजातच थोडं व्होल्टेज गळतं. बंद डब्यातल्या बोर्डाला बूस्ट देऊन हाती फारसं काही लागत नाही.

म्हणून माझा कौल असा. दुकानातला बिलाचा संगणक किंवा रोजचा लॅपटॉप असेल तर पहिली वाट घ्या आणि बूस्ट सुरुवातीपासून चालू ठेवा. तिथलं काम झटक्यांचं असतं. बर्फाच्या कारखान्यात किंवा आंब्याच्या रायपनिंग चेंबरबाहेर चोवीस तास चालणाऱ्या, एआरएम प्रोसेसरच्या बोर्डाला दुसरी वाट, बूस्ट सुरुवातीला बंद, आणि तापमानाचा सेन्सर सापडला नाही तर परवानगीच नाही. लिहायला बसाल तेव्हा बंद करणारी बाजू आधी लिहा. मशीन झोपवून उठवा आणि प्रत्येक कोअरचा बिट वाचून बघा. सगळीकडे १ दिसला तरच चालू करणाऱ्या बाजूला हात घाला.