एबीआयएमचं एलकेए : प्रश्न चोख, हिशेब किचकट

अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनचं (प्रौढांच्या सर्वसाधारण आजारांच्या शाखेचं) बोर्ड सर्टिफिकेशन, म्हणजे तज्ज्ञ असल्याचं प्रमाणपत्र, टिकवायचं तर सध्या दोन रस्ते आहेत. दर १० वर्षांनी परीक्षा केंद्रात अख्खा दिवस बसायचं, नाहीतर घरबसल्या दर तिमाहीला ३० प्रश्न सोडवत ५ वर्षं काढायची. दुसऱ्या रस्त्याचं नाव लाँजिट्यूडिनल नॉलेज असेसमेंट, बोलीत एलकेए. अमेरिकन बोर्ड ऑफ इंटर्नल मेडिसिनने, म्हणजे एबीआयएमने, ते जानेवारी २०२२ पासून सुरू केलं. बीजे, केईएम, ग्रँट, मिरज किंवा नागपूरहून एमबीबीएस करून इकडे रेसिडेन्सी केलेल्यांना हे दोन्ही रस्ते ऐकून माहीत असतात. निवडायची वेळ आली की मात्र जो तो शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, आणि सहकारीही अर्धवटच सांगतो.

मत आधीच सांगून टाकतो. प्रश्नमंच म्हणून एलकेए चांगलं आहे, १० वर्षांच्या परीक्षेपेक्षा नक्कीच बरं. ज्यांची गाडी अडते त्यांची बहुधा वैद्यकशास्त्रात अडत नाही. ती अडते पॉइंट, तारखा आणि नोंदींच्या हिशेबात.

थोडी पार्श्वभूमी. १९९० पूर्वी प्रमाणपत्र मिळालेल्यांना ते तहहयात आहे. त्यांना इथे सरसकट 'ग्रँडफादर' म्हणतात, बाई असल्या तरी. १९९० पासूनची प्रमाणपत्रं मुदतीची. पुढे त्याला मेंटेनन्स ऑफ सर्टिफिकेशन, म्हणजे एमओसीचा पसारा जोडला गेला. तो इतका फुगला की फेब्रुवारी २०१५ मध्ये बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड बॅरन यांना डॉक्टरांची जाहीर माफी मागून त्यातले काही भाग स्थगित करावे लागले. दर २ वर्षांनी छोटी परीक्षा हा मधला प्रयोगही झाला. एलकेए आल्यावर तो गुंडाळला.

आता यंत्र कसं चालतं ते पाहू. तिमाहीला ३०, वर्षाला १२०, पाच वर्षांत ६०० प्रश्न. प्रत्येकाला ४ मिनिटं. शिवाय वर्षाला ३० मिनिटांची 'टाइम बँक'. एखाद्या प्रश्नाला वेळ पुरला नाही तर त्यातून काढता येते. १२० प्रश्नांवर वाटली तर एका प्रश्नाच्या वाट्याला १५ सेकंदंच येतात, म्हणून ती हात राखूनच वापरावी. सगळे प्रश्न पूर्ण वेळ घेऊन सोडवले तरी पाच वर्षांचे ४० तास होतात. तिमाहीचे दोन तास एका बैठकीत उरकायची सक्ती नाही. दोन रुग्णांमधल्या रिकाम्या वेळेत एखादा सोडवला तरी चालतो.

प्रश्न सोडवताना पुस्तक, संकेतस्थळ, अपटूडेट (डॉक्टरांचा ऑनलाइन संदर्भकोश), गाइडलाइन, काहीही उघडून बघा. माणसाला मात्र विचारायचं नाही. हा नियम हसण्यावारी नेऊ नये. प्रश्न बोर्डाच्या मालकीचे असतात. त्यांचे स्क्रीनशॉट बॅचमेटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तर पाठवणाऱ्याचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. २०१० मध्ये एका तयारीवर्गाच्या निमित्ताने परीक्षेतल्या प्रश्नांची देवाणघेवाण झाल्यावरून बोर्डाने १३९ डॉक्टरांवर कारवाई केली होती.

चार मिनिटं पुरतात का? पुरतात, पण शोधायची रीत हवी. बोर्डाचा नव्हे, त्या धाटणीचा एक प्रश्न घेऊ. ६८ वर्षांची बाई, डेक्सावर (हाडांच्या घनतेच्या तपासणीत) टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे हाडं ठिसूळ, ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) २६, म्हणजे बराच कमी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व ठीक. औषध कोणतं द्याल? पर्यायांत अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब आणि रॅलॉक्सिफेन. इथे 'ऑस्टिओपोरोसिस ट्रीटमेंट' असं टाइप करणारा फसतो. लांबलचक पान उघडतं, आणि त्यातला मूत्रपिंडाचा परिच्छेद सापडेपर्यंत अडीच मिनिटं गेलेली असतात. शोध घ्यायचा तो प्रश्नातल्या अडचणीचा, आजाराचा नव्हे. 'बिस्फॉस्फोनेट' (पर्यायांतल्या पहिल्या दोन औषधांचा गट) आणि 'सीकेडी' (जुनाट मूत्रपिंडविकार) असे दोन शब्द टाकले की ईजीएफआर ३० ते ३५ च्या खाली ही औषधं टाळतात हे लगेच दिसतं, आणि उत्तर डेनोसुमॅबवर येतं. उत्तर दिल्यावर येणारं स्पष्टीकरण हा एलकेएचा सगळ्यात किमती भाग. बरोबर का, बाकीचे तीन चूक का, आणि संदर्भ कुठला, हे बहुतेक प्रश्नांना तिथल्या तिथे मिळतं. वरच्या प्रश्नाच्या स्पष्टीकरणात शेवटची एक ओळ वाचायची राहिली तर नुकसान रुग्णाचं: वाढलेल्या मूत्रपिंडविकारात, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, डेनोसुमॅबने कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी औषधावर चौकटीतला इशारा घातला. १० वर्षांच्या परीक्षेत चुकलेला प्रश्न कुठला होता हेसुद्धा कळत नाही. फरक पडतो तो इथे.

म्हणून सवय अशी लावावी: आधी प्रश्नाची शेवटची ओळ, मग पर्याय, मग वरची केस. उत्तर येत असेल तर शोधाशोध न करता द्यावं आणि वाचलेला वेळ स्पष्टीकरणाला द्यावा, कारण तिथे घड्याळ नसतं. उत्तरानंतर खात्री किती होती आणि प्रश्न तुमच्या कामाशी किती निगडित होता असं विचारतात; त्याचा गुणांवर परिणाम होत नाही.

आता सर्वात जास्त गैरसमज असलेली गोष्ट. प्रश्न न उघडणं आणि उघडून वेळ संपणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ६०० पैकी किमान ५०० उघडायलाच हवेत, म्हणजे पाच वर्षांत १०० सोडायची मुभा आहे. न उघडलेला प्रश्न या शंभरातून वजा होतो. उघडलेला आणि वेळेत उत्तर न दिलेला थेट चूक धरला जातो. प्रश्न एकदा उघडला की घड्याळ थांबवता येत नाही. पेजर वाजला, वायफाय गेलं, मूल उठलं, तरी ते चालूच. तिमाहीच्या शेवटच्या रात्री अकरा वाजता १८ प्रश्न शिल्लक असतील तर जमतील तेवढे नीट करावेत आणि उरलेल्यांना हातच लावू नये. झोपेत उघडलेले दहा प्रश्न गुण खाली ओढतात, न उघडलेले दहा फक्त मुभा खातात.

ही मुभा तीन तिमाह्या आणि वर दहा प्रश्न एवढीच आहे, तेव्हा ती पहिल्याच वर्षी आळसापोटी उडवू नये. बाळंतपण, स्वतःचं आजारपण, गावी आईवडिलांसाठी अचानक करावी लागलेली दोन महिन्यांची फेरी, अशा वेळी तीच उपयोगी पडते. एरवी भारतभेटीसाठी तिमाही सोडण्याचं कारण नाही. प्रश्न कुठूनही सोडवता येतात. डिसेंबरात जाणार असाल तर निघण्याआधी संपवलेले बरे, एवढंच. तिमाही संपली की तिचे न उघडलेले प्रश्न गेले, ते पुढे नेता येत नाहीत.

प्रश्नांवरची तक्रार खरी आहे. इंटर्नल मेडिसिनच्या आराखड्यात सर्वाधिक वाटा हृदयरोगाचा, १४ टक्के. बाकी सगळ्या अवयवांची हजेरी लागते. वर्षानुवर्षं फक्त वॉर्ड सांभाळणाऱ्या हॉस्पिटलिस्टला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं वेळापत्रक विचारतात, आणि ओपीडीवाल्याला व्हेंटिलेटर. तरीही पुस्तक उघडं असल्याने हे जाचक होत नाही. दुसऱ्या बोर्डांकडे पाहिलं तर एबीआयएम मधोमध आहे. भूलतज्ज्ञांच्या मोका मिनिट या अशाच योजनेतही तिमाहीला ३० प्रश्न असतात, पण प्रत्येकाला एकच मिनिट. तिथे शोधाशोध संपलीच. फॅमिली मेडिसिनवाल्यांना तिमाहीला २५ आणि प्रत्येकी ५ मिनिटं. रेडिऑलॉजीची योजना सगळ्यात शहाणी वाटते. आठवड्याला दोन प्रश्न येतात, वर्षात ५२ सोडवले की झालं. तिमाहीच्या शेवटी प्रश्नांचा ढीग तिथे साचतच नाही.

पाचव्या वर्षाअखेर निकाल लागतो. पहिल्या, म्हणजे २०२२ च्या तुकडीचं चक्र २०२६ अखेर संपतं. निकष गाठला नाही तर पुढच्या एका वर्षात १० वर्षांची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि बाकीच्या अटी पूर्ण असतील तर तोवर प्रमाणपत्र शाबूत राहतं. त्या परीक्षेतही २०१८ पासून अपटूडेट बघता येतं, त्यामुळे ती पूर्वीइतकी भयंकर राहिलेली नाही. मधल्या काळात गुणांचे अहवाल येत राहतात. ते न उघडता ठेवणाऱ्यांची संख्या कमी नसावी, पण सलग दोन अहवालांत गुण घसरलेले दिसले तर एमकेसॅप या स्वाभ्यासाच्या प्रश्नसंचातले आपले कच्चे विषय काढून बसावं. पाचव्या वर्षी केलेली धावपळ ६०० प्रश्नांच्या सरासरीला फारशी हलवत नाही.

आता तो हिशेब. एलकेए पास होणं ही एक अट; दर ५ वर्षांत १०० एमओसी पॉइंट ही वेगळी. शिवाय दर २ वर्षांत काही ना काही पॉइंट मिळवलेले असले पाहिजेत. एलकेएच्या प्रत्येक बरोबर उत्तराला ०.२ पॉइंट मिळतो. ५०० प्रश्न सोडवले आणि ७० टक्के बरोबर आले तर ३५० गुणिले ०.२, म्हणजे ७०. राहिले ३०. 'एलकेए करतोय म्हणजे सगळं आलं' या समजुतीत हे ३० राहून जातात आणि ३१ डिसेंबरच्या आधी पोर्टलवर लाल अक्षरं दिसतात. हे ३० मिळवणं अवघड नाही. मान्यताप्राप्त सीएमई (डॉक्टरांचं निरंतर शिक्षण) किंवा एमकेसॅपमधून ते सहज निघतात. मात्र कार्यक्रमाच्या माहितीत 'एबीआयएम एमओसी' असा स्पष्ट उल्लेख असला पाहिजे. नुसतं सीएमई क्रेडिट मिळालं म्हणून एमओसी पॉइंट आपोआप जमा होत नाहीत.

आणि जमा होतानाच घोळ होतात. कार्यक्रम घेणारी संस्था तुमचे पॉइंट बोर्डाकडे पाठवते ती नाव, सहा आकडी एबीआयएम क्रमांक आणि जन्माचा महिना-दिवस जुळवून. मराठी माणसाची इथे दुहेरी पंचाईत. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे. कुठे ते फर्स्ट नेमला चिकटलेलं, कुठे गायब. लग्नानंतर आडनाव बदललेलं, पण बोर्डाकडे माहेरचंच. दुसरं म्हणजे तारीख. ७ एप्रिलचा जन्म आपल्या सवयीने ०७/०४ लिहिला की अमेरिकेत तो ४ जुलै होतो. नोंद जुळत नाही, पॉइंट लटकतात, आणि महिने उलटून जाईपर्यंत पत्ता लागत नाही. यावर उपाय साधा. पोर्टलवर नाव जसं आहे अगदी तसंच प्रत्येक नोंदणीत घालायचं, कार्यक्रमानंतर महिन्याभरात पॉइंट दिसतात का ते बघायचं, नाही दिसले तर बोर्डाला नव्हे, आधी कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेला लिहायचं, कारण दुरुस्ती त्यांनाच पाठवावी लागते. डिसेंबरातल्या परिषदांवर शेवटचे पॉइंट अवलंबून ठेवू नयेत.

पैशाचं गणित. एलकेए सुरू झालं तेव्हा वार्षिक शुल्क पहिल्या प्रमाणपत्राला २२० डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १२० डॉलर होतं. एलकेए त्यातच धरलेलं. १० वर्षांच्या परीक्षेला वर ७०० डॉलर. त्या दराने एका प्रमाणपत्राचे दहा वर्षांत एका रस्त्याने २,२०० आणि दुसऱ्याने २,९०० होतात. हेमॅटोलॉजी-ऑन्कोलॉजीसारखी दोन प्रमाणपत्रं असतील तर शुल्कही वाढतं आणि प्रत्येकाचे ३० प्रश्न वेगळे. पॉइंट मात्र सामाईक. कार्डिऑलॉजी करणाऱ्याला इंटर्नल मेडिसिनचं प्रमाणपत्र चालू ठेवण्याची बोर्डाकडून सक्ती नाही. हौसेने किंवा धास्तीने ते राखणाऱ्यांनी शुल्क आणि वर्षाचे १२० प्रश्न एकदा मांडून पाहावेत. इतकं करून डॉक्टर अधिक चांगला होतो का, हा वाद मिटलेला नाही. २०२३ मध्ये एमओसी रद्द करा म्हणणाऱ्या अर्जावर हजारो डॉक्टरांनी सह्या केल्या, आणि शुल्काबद्दलचा त्यांचा राग रास्त आहे.

कायद्याने हे सगळं ऐच्छिक आहे, राज्याचं लायसन्स त्यावर अवलंबून नाही. पण रुग्णालयाचे प्रिव्हिलेज (तिथे रुग्णांवर उपचार करण्याची परवानगी) आणि विमा कंपन्यांची पॅनेलं त्यावर अवलंबून असतात. २०१५ मध्ये कार्डिऑलॉजिस्ट पॉल टायरस्टाइन यांनी उभा केलेला एनबीपीएएस (नॅशनल बोर्ड ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स) या दुसऱ्या बोर्डाचा पर्याय आहे. पूर्वीचं बोर्ड प्रमाणपत्र, चालू लायसन्स आणि २४ महिन्यांत ५० तास सीएमई एवढं असलं की पुरतं, परीक्षा नाही. काम सोपं, स्वस्त. फक्त एबीआयएम सोडण्याआधी आपल्या रुग्णालयाच्या बायलॉजमध्ये, म्हणजे नियमावलीत, ते चालतं का हे मेडिकल स्टाफ ऑफिसकडून लेखी घ्यावं. तोंडी 'चालेल' म्हणणारा माणूस दोन वर्षांनी त्या खुर्चीत नसतो.

परतण्याचा विचार असलेल्यांनी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही जिवंत ठेवलेली असते. ते खातं अगदी वेगळं. नूतनीकरण ५ वर्षांनी, त्यासाठी ३० क्रेडिट, ज्ञानाची परीक्षा नाही. एलकेएचे पॉइंट तिकडे धरले जातील असं गृहीत धरू नये, आणि दोन्हींच्या मुदतीच्या तारखा एकाच ठिकाणी लिहून ठेवाव्यात.