घरचा पोकर: ब्लाइंड आणि बाय-इन, आठ महिन्यांच्या वापरानंतर

२०२५ च्या जुलैपासून आम्ही मित्र, आता आठजण, एक शनिवार आड कोथरूडला माझ्या घरी पोकर खेळतो. जेवणाचं टेबल, त्यावर जाड चादर, ३०० चिप्सचा संच आणि पत्त्यांचे दोन कॅट. एक वाटला जातो तोवर दुसरा पिसून तयार. चिप्सबद्दल एवढंच सांगतो की आकडे न छापलेल्या घ्या. कुठल्या रंगाची किंमत किती, हे मग आपल्याला हवं तसं ठरवता येतं. खरं सांगायचंय ते ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायचीच रक्कम, एक छोटी आणि एक मोठी म्हणजे बिग ब्लाइंड) आणि बाय-इन (बसताना जेवढ्या पैशांच्या चिप्स घ्यायच्या तो आकडा) यांबद्दल, कारण आम्ही चुकलो ते तिथेच.

सुरुवातीला बाय-इन ५०० रुपये आणि ब्लाइंड १०-२० ठेवले होते. म्हणजे हातात फक्त २५ बिग ब्लाइंड. कोणी ६० केले आणि दोघांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले, की पॉट (मधोमध जमलेले पैसे) दोनशेच्या घरात, आणि प्रत्येकापुढे उरले ४४०. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यावर, एक बेट, त्यावर एक रेझ (वाढवलेली बेट), की लगेच ऑल-इन, पुढ्यातलं सगळं पणाला. टर्न आणि रिव्हरवर, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या पत्त्यावर, विचार करायची वेळच येत नसे. त्यात आमच्यातले बहुतेकजण तीन पत्तीवर वाढलेले. तिथे ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता खेळणं, आणि बूट (डावाची सुरुवातीची रक्कम) सगळ्यांनी भरायचा. इथे डीलरच्या डावीकडच्या दोघांनीच पैसे टाकायचे, हे अंगवळणी पडायला दोन-तीन बैठका गेल्या.

सप्टेंबरमध्ये एका रात्री आमच्यातला सगळ्यात धाकटा चार बाय-इन हरला. दोन हजार रुपये. जुनी नोकरी सुटलेली, नवी लागायची होती. हसत हसत निरोप घेऊन गेला आणि पुढच्या दोन शनिवारी आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, "दादा, जरा काम आहे." मला काय समजायचं ते समजलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर हे झालं, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून बाय-इन ठरवताना मी एकच बघतो. ज्याचा खिसा सगळ्यात हलका आहे, तो एका रात्रीत तीन बाय-इन हरला तर ते घरी सांगू शकेल का? आमच्यापुरता आकडा निघाला २००. तिसऱ्यानंतर त्या रात्री चौथा कोणालाच नाही, कितीही आग्रह केला तरी. धाकटा परत आला, अजून येतो.

ब्लाइंडचा हिशेब मात्र दुसऱ्यांकडून कळला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाल्यावर ॲपवर खेळणारे दोघे आमच्यात आले होते. ते म्हणाले, रुपये बघू नका, बाय-इनमध्ये किती बिग ब्लाइंड बसतात ते बघा. शंभर बसले पाहिजेत. म्हणून २०० ला १-२. प्रत्येकाला १ च्या दहा पांढऱ्या, ५ च्या आठ लाल, २५ च्या सहा हिरव्या. री-बायला, म्हणजे हरून पुन्हा बाय-इन घेणाऱ्याला, शंभरच्या दोन काळ्या द्यायच्या, सुटे टेबलावरच होतात. पैसे तेच आठ मित्रांचे, पण खेळ पार बदलला. हातातल्या छोट्या जोडीवर (दोन सारख्या पत्त्यांवर) फ्लॉप बघणं परवडायला लागलं, ब्लफला अर्थ आला. पॉटमधून घराचा कट नाही. जेवणाची वर्गणी वेगळी, आणि हिशेब त्याच रात्री यूपीआयने चुकता.

महिन्यातून एकदा टूर्नामेंट असते, ३०० रुपये प्रवेश. तिथे चिप्स म्हणजे रुपये नाहीत, नुसते गुण; ते संपले की खेळाडू बाहेर, आणि ब्लाइंड वाढत जातात. पहिल्या वेळी आम्ही दर पंधरा मिनिटांनी ब्लाइंड दुप्पट केले. सव्वा तासात बिग ब्लाइंड १६०० वर गेला आणि टेबलावरच्या सगळ्या चिप्स मिळून होत्या २४,००० गुणांच्या. सगळ्या मिळून पंधरा बिग ब्लाइंड! मग उरते ती लॉटरी. हिंजवडीहून तासभर ट्रॅफिक काढून आलेला मित्र चाळीस मिनिटांत बाहेर पडून गॅलरीत बसला होता.

आता ब्लाइंडची प्रत्येक पायरी वीस मिनिटांची. आमचा हात सावकाश चालतो, वीस मिनिटांत आठेक डाव होतात, म्हणजे ब्लाइंड प्रत्येकाला साधारण एकदा बसतो. पंधरा मिनिटांत कोणीतरी ब्लाइंडमधून सुटायचा आणि कुरबुर व्हायची. सुरुवात प्रत्येकी ३००० गुणांनी: २५ च्या बारा पांढऱ्या, १०० च्या बारा लाल, ५०० च्या तीन हिरव्या. ब्लाइंड २५-५०, ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ६००-१२००. बिग ब्लाइंड एकूण गुणांच्या विसाव्या भागाला पोचला की टूर्नामेंट संपत येते. आमच्याकडे तो नवव्या पायरीला पोचतो, म्हणजे आठला बसलो की अकराच्या आत आटोपतं. २००-४०० ला पांढऱ्यांचं काम संपतं. तेव्हा सगळ्या ९६ गोळा करून त्यांच्या जागी चार हिरव्या आणि चार लाल द्यायच्या, आणि डब्यात लाल नेमक्या चारच उरलेल्या असतात. पहिल्यांदा हे जुळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

बक्षिसं १२००, ७२० आणि ४८०.

दहाजण आले तर हाच संच पुरतो, फक्त वाटणी बदला: आठ पांढऱ्या, आठ लाल, चार हिरव्या. एकूण गुण ३०,००० होतात, म्हणून शेवटी ८००-१६०० ची एक पायरी वाढवा आणि जेवण साडेसातलाच उरकून घ्या.