रेडिएशननंतरचं सोललेलं तोंड: गुळण्यांचं औषध आणि मीठ-सोड्याचं पाणी, नऊ महिन्यांचा अनुभव

आधी झाकणाबद्दल लिहिते, कारण राग अजून गेलेला नाही. बेंझिडॅमिनचं, म्हणजे तोंडाचं दुखणं कमी करणारं, गुळण्यांचं औषध एका वेळी 15 मिली घ्यायचं असतं. मला मिळालेल्या बाटलीच्या झाकणावर एकही खूण नव्हती, आतून नाही की बाहेरून नाही. मी अंगणवाडी सेविका आहे. जीवनसत्त्व अ च्या बाटलीबरोबर आमच्याकडे खुणेचा चमचा येतो: नऊ महिन्यांच्या बाळाला अर्धा चमचा म्हणजे 1 मिली, पुढे दर सहा महिन्यांनी पूर्ण 2 मिली. लेकराच्या औषधाला माप आहे. मग ज्याच्या तोंडाची साल निघाली आहे, पहाटे तीन वाजता ज्याचे हात कापतायत, त्याने अंदाजाने ओतायचं? जास्त पडलं की बेसिनमध्ये जाणार ते पैसेच. औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुसऱ्या बाटलीचं झाकण काढून दाखवलं. तेही कोरंच.

माझा आजार डाव्या गालाच्या आतल्या बाजूचा, कॅन्सरचा. लहानपणापासून मिश्री लावत होते आणि बोट त्याच बाजूला जायचं. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनच्या 30 सिटिंग, आठवड्याला पाच, एकूण 60 ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप). मास्क, मशीन, नंबर लावणं हे सगळं वाचणाऱ्यांना ठाऊक असेल.

पहिले दहा दिवस मला काही झालं नाही. मी शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हटलंसुद्धा, माझं तोंड चिवट आहे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गरम चहा लागला आणि डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी नंतर समजावलं की तोंडातलं अस्तर एक-दोन आठवड्यांत झिजतं आणि नवं येतं. शेक, म्हणजे रेडिएशन, चालू झाला की नवं येणं थांबतं, पण जुनं झिजायचं थांबत नाही. म्हणून त्रास उशिरा दिसतो. तिसऱ्या आठवड्यात गाल लालभडक, चौथ्यात पांढरे चट्टे.

या औषधावर काहीतरी लिहायचं हे मी त्याच चौथ्या आठवड्यात ठरवलं होतं. मोबाईलमध्ये चार ओळी लिहिलेल्या अजून आहेत: 'आग होते, पैसे पाण्यात, कोणी घेऊ नका.' ते मी मागे घेते. मी औषध तसंच, पाणी न घालता तोंडात घेत होते. कच्च्या जखमेवर तिखट लागावं तशी आग व्हायची. पाच सेकंदांत थुंकायचे आणि मग तीन-तीन तास बाटलीकडे बघायचे नाही. रेडिएशन विभागातल्या सिस्टरनी विचारलं, ताई, किती घेता, कसं घेता? सांगितल्यावर म्हणाल्या, तेवढंच पाणी मिसळा, अर्धा मिनिट तोंडात धरा आणि जेवणाआधी घ्या. त्या दिवशी दुपारी मी वाटीभर मऊ भात खाल्ला. आधीचे दोन दिवस दुधावर काढले होते. गाल बधिर झाला, आग झालीच नाही असं नाही, पण घास आत गेला.

म्हणजे औषध वाईट नव्हतं. वापरायचं कसं ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि झाकण तर मुकंच होतं.

खर्चाचा हिशेब मांडते, कारण आमच्यासारख्या घरात तोच आधी होतो. 15 मिली सहा वेळा म्हणजे रोजचे 90 मिली. 120 मिलीची बाटली सव्वा दिवसात संपते. महिनाभर कोण आणणार? डॉक्टरांना विचारूनच मी पुढे ते दिवसातून चार वेळा, प्रत्येक खाण्याच्या आधी ठेवलं. बाटली दोन दिवस पुरायला लागली. मधल्या सगळ्या वेळेला मीठ-सोड्याचं पाणी.

या पाण्याला मी पैकीच्या पैकी गुण देते. एक लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचा एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. खायचाच. माझ्या सुनेने पहिल्या दिवशी केकची बेकिंग पावडर आणली होती, ती वेगळी. धुण्याच्या सोड्याला तर हातसुद्धा लावू नका. रोज नवं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. दर दोन तासांनी गुळणी, गिळायची नाही. शेकामुळे लाळेच्या ग्रंथी सुकतात आणि लाळ दोऱ्यासारखी चिकट होते. रात्री तीच घशात अडकून जाग यायची. सोड्याने ती सुटते. सगळ्या दिवसाचं दोन रुपयांचंही सामान नाही, आणि सकाळी पहिल्यांदा तोंड उघडता यायचं ते त्याच्यामुळे.

टाक्यांच्या मागे गुळणी पोचत नव्हती. ऑपरेशननंतर नाकात नळी होती, तेव्हाची 50 मिलीची सिरिंज घरात होती. तशीच एक नवी, बिनसुईची आणली आणि आरशासमोर बसून हळूहळू पाणी गालामागे सोडलं. जोर लावायचा नाही. अडकलेले भाताचे कण बाहेर आले तेव्हा मी रडले. इतक्या दिवसांत तोंड पहिल्यांदा स्वच्छ वाटलं होतं. त्याच सिरिंजवर मग औषधाचे 15 मिलीही मोजायला लागले.

बाकीचं थोडक्यात. बधिर करणारी जेली उपयोगी आहे, पण ती लावून गरम खाऊ नका, भाजलेलं कळत नाही. पाचव्या आठवड्यात जिभेवर दह्यासारखा थर आला, तो चट्ट्यांचा नव्हता, बुरशीचा होता. तो खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा. मला वेगळं औषध दिलं आणि आठवड्यात गेला. लहान मुलांचा मऊ ब्रश घ्या. फेसाची पेस्ट मला अजून सोसत नाही. शेजारणीने प्रेमाने लिंबाचं सरबत आणलं होतं, ते तसंच परत पाठवावं लागलं.

शेवटच्या सिटिंगला घरच्यांनी पेढे आणले. त्यानंतरचा आठवडा सगळ्यात वाईट गेला, आणि याची कल्पना मला कोणीही दिली नव्हती. मशीन थांबलं तरी तोंड लगेच थांबत नाही. वजन 52 वरून 45 वर आलं. मी दर महिन्याला पोरांची वजनं तक्त्यावर मांडते, त्यामुळे ही रेघ कुठे चाललीय ते मला कोणी सांगायला नको होतं. नाचणीची खीर तूप घालून, गार करून, दर दोन तासांनी अर्धी वाटी. नाकातली नळी परत लागली नाही. चट्टे पूर्ण जायला शेवटच्या सिटिंगपासून पाच आठवडे लागले.

आता नऊ महिने झाले. औषध बंद आहे. मीठ-सोड्याचं पाणी सकाळी आणि झोपताना चालूच आहे, कारण तोंड कोरडंच राहतं आणि कोरड्या तोंडात दात किडतात. शेक लागलेल्या जबड्यात दात काढणं धोक्याचं, म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जाते. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम करते. बारा काड्यांवरून अठरावर आले. भाकरी दुधात कुस्करून खाते. ठेचा अजून लांब आहे.

आमच्या आळीतल्या एका बाईची पहिली सिटिंग सोमवारी आहे. तीही मिश्रीवालीच. तिच्या डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलंय. काल तिच्या घरी जाऊन सिरिंजने 15 मिली पाणी मोजून झाकणात ओतलं आणि पाणी आलं तिथे बाहेरून लाल नेलपॉलिशने रेघ मारून दिली.