कारवान, पश्मी की रामपूर? शिकारी कुत्रं घेण्याआधी

देशी शिकारी कुत्रं पाळायचं मनात आलं की आपल्याकडे पर्याय मुख्यतः दोन: कारवान आणि त्याचाच झालरवाला भाऊ पश्मी. तिसरं नाव उत्तरेकडून येतं, रामपूर हाउंड. लांबून पाहिली तर तिन्ही एकाच घाटणीची. खोल छाती, आत ओढलेलं पोट, निमुळतं तोंड, लांबसडक पाय. तिन्ही नाकापेक्षा डोळ्यावर शिकार करणारी. फरक कळतो तो जवळ गेल्यावर, आणि खरा तर घरी आणल्यावर.

कारवानपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांनी शेवटी तेच घ्यावं असं माझं मत आहे. मुधोळ हाउंड आणि कारवान हाउंड ही जात एकच. जाहिरातीत दोन नावं दिसली म्हणून गोंधळू नका. आताच्या कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, म्हणून मुधोळचं नाव झालं. कुत्रं मात्र अख्ख्या दख्खनचं. सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या माळावर ते पिढ्यान्‌पिढ्या भाकरी-दुधावर वाढलेलं आहे. नर खांद्याशी साधारण ६८ ते ७२ सेंटीमीटर, मादी ६४ ते ६८. वजन मात्र उंचीच्या मानाने अगदीच बेताचं. तब्येतीच्या कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसायलाच हवीत. शेजारीपाजारी ‘खायला घालत नाही का हो?’ असं विचारणारच. त्यांच्या समाधानासाठी ताटात वाढीव भात टाकू नका.

स्वभावाने कारवान अलिप्त. अनोळखी माणूस डोक्यावरून हात फिरवायला गेला की हे अंग चोरून बाजूला सरकतं. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणारं, चेंडू शंभरदा आणून देणारं कुत्रं हवं असेल तर लॅब्राडोर घ्या, उगाच याला दोष देऊ नका. घरच्या माणसांवर जीव लावतं, पण गाजावाजा न करता. भुंकतं कमी. त्यामुळे राखणीसाठी म्हणून घेणार असाल तर त्याच्या शिडशिडीत रुबाबावर भुलू नका. राखणच हवी तर तमिळनाडूचं राजापलायम बघा. मात्र पांढऱ्याशुभ्र राजापलायममध्ये बहिरेपणाचा दोष आढळतो, तेव्हा पिल्लाच्या मागे टाळी वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पश्मी म्हणजे बांधा तोच, पण कानांवर, पायांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीला रेशमी केसांची झालर. सालुकी हे पश्चिम आशियातलं झालरवालं शिकारी कुत्रं पाहिलेल्या माणसाला ओळख लगेच पटेल. दिसायला तिघांत हेच सर्वांत देखणं, यात मला शंका नाही, आणि मिळायला कारवानपेक्षा दुर्मिळ. स्वभावात फारसा फरक नसतो; ‘पश्मी जास्त मायाळू’ वगैरे विकणाऱ्यांच्या गप्पा. फरक पडतो तो देखभालीत. पावसाळा सरला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं धरतं. फिरवून आणलेल्या पश्मीच्या कानाची झालर आणि पायाच्या बोटांमधले केस रोज उलटे करून तपासावे लागतात. एखादं कुसळ राहिलं तर ते उलट्या काट्यामुळे बाहेर येत नाही, आतच सरकत जातं, आणि चार दिवसांनी कुत्रं पाय चाटत लंगडायला लागतं. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी त्यात दमट हवा आणि गोचिडांची भर धरावी. आखूड केसांच्या कारवानच्या अंगावर गोचीड हाताला लागते. झालरीत ती लपून बसते.

पश्मी घेताना फसगत सहज होते, कारण लहान पिल्लाला झालर नसतेच. ती वयात येता येता फुटते. लांब केसांचा गुण लपून राहणारा असल्यामुळे दोन गुळगुळीत कारवानांच्या वेतातही एखादं झालरवालं पिल्लू निघू शकतं. उलट, विकणारा आई-बाप दोन्ही पश्मी सांगतोय आणि त्याच जोडीच्या आधीच्या वेतातली कुत्री मोठी होऊनही गुळगुळीतच, तर काहीतरी घोळ आहे. पिल्लू नव्हे, आई बघा. जमलं तर बापही.

रामपूर हाउंडची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकात रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी ताझी हे अफगाणी शिकारी कुत्रं आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून ते तयार केलं, कोल्ह्यापासून मोठ्या जनावरांपर्यंतच्या शिकारीसाठी. त्यामुळे ते कारवानपेक्षा जाडजूड. डोकं चपटं आणि रुंद, जबडा दणकट, वजन २७ ते ३० किलो. एकाच माणसाला मालक मानण्याकडे याचा कल. नवऱ्याने हौसेने आणायचं आणि दिवसभर बायकोने सांभाळायचं, असा घरचा बेत असेल तर नाव काढू नका. शिवाय आज रामपूर म्हणून विकलं जाणारं कुत्रं बऱ्याचदा निम्मंअर्धं ग्रेहाउंडच असतं. आई-बाप डोळ्याने पाहिल्याशिवाय मी तरी घेणार नाही.

आता तिघांनाही लागू असलेल्या गोष्टी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. सशामागे कुत्रं सोडणं हा गुन्हा आहे, गावात कुणी कितीही फुशारक्या मारोत. पण कुत्र्याला कायदा कळत नाही. समोरून मांजर, कोंबडी किंवा वाऱ्यावर उडणारी प्लॅस्टिकची पिशवी गेली की ते सुटतं, आणि एकदा सुटलं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. रस्त्यावर कायम दोरी हवी. साधा गळपट्टा चालत नाही: डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसल्यामुळे दोन पावलं मागे सरून ते मान अलगद सोडवून घेतं. ओढल्यावर आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या. कुंपण कमरेएवढं असेल तर नसल्यातच जमा.

फ्लॅटमध्ये जमतं का? कारवान जमतं. मोठं झाल्यावर ते दिवसाचा बराच वेळ गादी पकडून झोपतं. रोज एखादं बंदिस्त मैदान मनसोक्त पळायला मिळायला हवं, ही मुख्य अट. मैदान नसेल तर तिघांपैकी एकही आणू नये. दिवसभर साखळीला बांधून ठेवणार असाल तर आणूच नये.

नसबंदी किंवा कुठलंही ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना जात आठवणीने सांगा. अंगावर चरबी जवळपास नसल्यामुळे या घाटणीच्या कुत्र्यांना भुलीची काही औषधं, विशेषतः थायोपेंटोन, जड जातात. शुद्धीवर यायला फार वेळ लागतो.

लष्कराने २०१६ पासून मुधोळ हाउंडला मेरठमध्ये प्रशिक्षण दिलं, आणि २०२४ च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीट या स्पर्धेत सीमा सुरक्षा दलाच्या रिया या मुधोळ मादीने विदेशी जातींना मागे टाकलं. तेव्हापासून ‘आर्मीची ब्रीड’ म्हणून दर चढले आहेत. रियामागे रोजची मेहनत करणारा हँडलर, म्हणजे तिला शिकवणारा जवान होता, तो पिल्लाबरोबर मिळत नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर कारवानची मादी घ्या; अंगाने थोडी लहान, आवरायला सोपी. पश्मी कारवान सांभाळून झाल्यावर, तेही कोरड्या हवेच्या गावात. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं नको. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे पिल्लं विकतही मिळतात. दलालाला फोन करण्याआधी तिथे चौकशी करा.