पाठवलं एक नाणं, परत आलं दुसरंच

ऑनलाइन लिलावात जुनी नाणी विकायला बसलेल्या नवख्या माणसाला सगळे एकच सांगतात, ओटीपी देऊ नका, क्यूआर कोड स्कॅन करू नका. बरोबरच आहे ते. पण मला ज्याने फसवलं, त्याने यातलं काहीच मागितलं नाही. त्याने रीतसर बोली लावली, रीतसर पैसे भरले आणि नियमावर बोट ठेवून माझं नाणं घेऊन गेला. या प्रकाराबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपल्या सोलापुरात कितीतरी घरांत लक्ष्मीपूजनाच्या डब्यात राणीछाप, राजाछाप रुपये आहेत, आणि ते विकायचा विचार आज ना उद्या कुणाच्या तरी मनात येणारच.

माझे सासरे रेल्वेत होते. नाणी जमवायचा त्यांना नाद होता. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पूजेतले पाच रुपये तेवढे ठेव, बाकीचं पोरांच्या शिक्षणाला लाव." त्या डब्यात पंचम जॉर्जचा १९११ चा एक रुपया होता. नाण्यांच्या नादातली माणसं त्याला 'पिग रुपी' म्हणतात. राजाच्या अंगरख्यावर जी साखळी आहे, तिच्यात एक बारीक हत्ती कोरलेला आहे. त्याची सोंड इतकी आखूड निघाली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. त्यावरून ओरड झाली, नाणं चलनात सोडणं थांबवलं गेलं, टांकसाळीत पडून असलेली बहुतेक नाणी वितळवली गेली आणि १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आला. म्हणून १९११ च्या रुपयाला पुढच्या वर्षांच्या साध्या रुपयांपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर फिरतात.

आमच्या नाण्याची आणखी एक खूण होती. राजाच्या मानेमागच्या मोकळ्या जागेत जुन्या काळच्या कुणा सराफाने चांदी पारखायला मारलेला टाचणीच्या डोक्याएवढा ठसा होता. सासरे तो भिंगातून नातवंडांना दाखवायचे.

लिलावाच्या एका साइटवर मी दोन्ही बाजूंचे फोटो टाकले. बोली ४,२०० रुपयांवर थांबली. घेणाऱ्याचं खातं नवं होतं, त्यावर आधीची एकही खरेदी दिसत नव्हती. बोलायला मात्र अतिशय सभ्य. "ताई, मी संग्राहक आहे, आजोबांच्या आठवणीसाठी हे नाणं शोधत होतो." मग हळूच म्हणाला, "पाकिटावर नाणं आहे असं लिहू नका ताई, वाटेत चोरी होते. भेटवस्तू म्हणून साधं पाठवा, विम्याचा खर्च कशाला करता?" ऐकायला यात काहीच वावगं नाही. पाकिटावर बाहेरून नाण्याचा उल्लेख करू नये हे खरंच आहे. पण पोस्टाच्या किंवा कुरिअरच्या कागदावरही नाणं लिहिलेलं नसेल, किंमत लिहिलेली नसेल, तर आत काय होतं याचा तुमच्याजवळ एकही कागद उरत नाही. त्याला नेमकं तेच हवं होतं.

पाकीट पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तक्रार आली, 'नाणं बनावट आहे, परत पाठवतोय'. साइटवर पैसे काही दिवस अडकवून ठेवतात, ते तसेच गोठले. परत आलेलं पाकीट उघडलं तर आत १९११ चाच रुपया होता. तीच साल, तोच राजा. लांबून पाहिलं तर ओळखू येणार नाही. हातात घेतला तेव्हा हलका वाटला आणि मानेमागचा तो ठसा कुठेच नव्हता.

मी तो घेऊन मंगळवार पेठेत ओळखीच्या सराफांकडे गेले. त्यांनी काही न बोलता काट्यावर ठेवला. साडेदहा ग्रॅमसुद्धा भरला नाही. "वहिनी, रुपया म्हणजे एक तोळा ओ. अकरा ग्रॅम सहासष्ट. झिजला तरी इतका कसा उतरंल?" मग कड फिरवून दाखवली. खाचांच्या मधून एक बारीक शिवण गेली होती. साच्याचे दोन भाग जोडून ओतलेल्या नाण्याला अशी शिवण राहते. टांकसाळीत ठोकून काढलेल्या नाण्याला ती कधीच नसते. अक्षरांच्या कडा मऊ, मेणासारख्या, आणि भिंगाखाली बुडबुड्यांचे खड्डे. दाढीच्या केसांत तर सरळ लगदा. खऱ्या नाण्यात झिजूनही केस वेगवेगळे दिसतात.

हे सगळं फोटोंसकट साइटला कळवलं. उत्तर आलं की परतीचं पाकीट उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसेल तर वस्तू बदलल्याचा दावा ग्राह्य धरला जात नाही. माल परत मिळाला आहे, प्रकरण बंद. ठशाचा पुरावा दाखवावा म्हटलं, तर साइटने माझे फोटो इतके दाबून बारीक केले होते की त्यात तो डाग आहे की धूळ, हे सांगता येत नव्हतं. मूळ फोटो माझ्या फोनमध्ये स्पष्ट आहेत. ते पाठवले, तरी तेच ठोकळेबाज उत्तर पुन्हा आलं. आधी कुठेही ठळकपणे न सांगितलेला नियम विक्रेत्याला फसल्यावर दाखवायचा, याचा मला त्या माणसाच्या चोरीइतकाच राग आहे.

सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे. तिथे एक गोष्ट कळली, ती पक्की लक्षात ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करायचा, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत रोखता आला तरच उपयोग. माझ्यासारखी वस्तू गेली असेल तर तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते, आणि तिथे सगळा खेळ कागदांचा असतो. समोरच्याच्या खात्याचं नाव, बोलीचा आकडा, संदेश, पत्ता या सगळ्याचे स्क्रीनशॉट व्यवहार चालू असतानाच काढून ठेवा. माझ्या तक्रारीनंतर काही दिवसांत त्या खात्याचं नाव आणि फोटो दोन्ही बदललं.

आता विकणाऱ्याने काय करावं, ते कळकळीने सांगते. नाणं लिलावाला टाकण्याआधी सराफाच्या काट्यावर ठेवा आणि काट्याचा आकडा दिसेल असा नाण्यासकट फोटो काढा. दोन्ही बाजू आणि कड भिंगाच्या अंतरावरून टिपा. ओरखडा, ठसा, डाग अशी जी खूण असेल ती वर्णनात शब्दांत लिहा, फोटोच्या भरवशावर राहू नका. पाकीट भरताना काट्यावरचं नाणं, पाकिटात जाणारं नाणं, चिकटवलेली पट्टी आणि पत्त्याचं लेबल हे सगळं एकाच सलग व्हिडिओत यायला हवं. परतीचं पाकीट आलं तर तेही तसंच, पाकीट हातात घेतल्या क्षणापासून. विमा उतरवा. बऱ्याच कुरिअर कंपन्या नाणी आणि मौल्यवान वस्तू घेतच नाहीत, त्यामुळे आधी विचारा आणि पावतीवर खरी वस्तू लिहून घ्या.

नाणी चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. दिवाळीला समया घासतो त्या हाताने आपण रुपयेही घासतो, आणि शंभर वर्षांचा काळसर थर निघाला की संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमत जाते. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशवीतही वर्षानुवर्षं ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो.

भावाबद्दल थोडं. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४० पासून निम्मीच, आणि १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, चुंबकाला चिकटतो. ही माहिती नसेल तर घेणारा तुम्हाला कसाही खेळवतो. ईस्ट इंडिया कंपनीचं म्हणून मिरवणारं १८१८ चं रामदरबाराचं नाणं हे नाणंच नव्हे. कंपनीने असं काही कधी काढलं नाही, ती टोकनं आहेत. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणणारे आणि आधी नोंदणी फी मागणारे सरळ फोन ठेवण्याच्या लायकीचे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागितला तर तेही खोटं. असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, हे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं आहे. परदेशातून मोठी बोली आली तरी हुरळू नका. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतं, आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

डब्यातली बाकीची नाणी मी अजून लिलावालाच टाकते. वर्णनात आता हे असतं: 'वजन ११.५८ ग्रॅम, काट्यासह फोटो जोडला आहे. उजव्या कडेला दोन ओरखडे. विमा उतरवूनच पाठवणार. परत आलेलं नाणं वजन आणि खुणा जुळल्या तरच स्वीकारणार.' मागच्या महिन्यात एकाने बोली जिंकल्यावर विचारलं, "ताई, विमा नको, साधंच पाठवा ना." त्याचा सौदा मी तिथेच रद्द केला आणि नाणं दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला, ३०० रुपये कमी घेऊन, दिलं.